पडू नये म्हणून लढाईची कला

ताई ची म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते पहाटे बागेत संथपणे हात हलवणारे चिनी आजी-आजोबा. बरेच जण त्याला 'चिनी योगा' म्हणून मोकळे होतात. पण मुळात ही लढाईची विद्या आहे. तिचं पूर्ण नाव ताईचीच्वान, आणि 'च्वान' म्हणजे मूठ.

चीनच्या हनान प्रांतातलं चेनजियागोऊ हे तिचं गाव. सतराव्या शतकात तिथल्या चेन घराण्यात ती घडली असं मानतात. पुढे यांग लूचान (१७९९–१८७२) ती तिथे शिकला आणि त्याने बीजिंगमध्ये शिकवली. त्याचा नातू यांग चंगफू याने शिकवलेली पद्धत संथ आणि मोकळी होती, त्यामुळे ती सामान्य माणसालाही जमू लागली. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा विभागाने २४ हालचालींचा सोपा संच बसवला. आज जगभर नवशिके बहुतेक तोच शिकतात.

चीनमध्ये या कलेला 'आतल्या' युद्धकलांमध्ये धरतात. आतली म्हणजे काय? जोर दंडातून काढायचा नाही. तो पायातून उठतो, कमरेतून वळतो आणि हातात येतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली 'सोंग'. हे आपलं मराठी सोंग नव्हे हं! अंग ढेपाळू न देता नको तो ताण सोडून देणं, म्हणजे सोंग. दुसरी गोष्ट, 'भरलेला' आणि 'रिकामा' पाय. शरीराचं वजन एका पायावर पूर्ण गेलं की तो भरला, दुसरा रिकामा झाला. रिकामा झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

लढाईत याचा अर्थ सरळ आहे: जो ताठरतो आणि ज्याचं वजन कुठे आहे हे त्यालाच कळत नाही, तो आधी पडतो. म्हातारपणीही नेमकं हेच होतं. आमच्या आजीचा गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. मिस्साला गुडघे टेकायचीही तिला भीती वाटायला लागली. खाली जाईन, पण उठणार कशी? भीतीने माणूस ताठरतो, पाय फरफटत चालतो, चालणं कमी करतो. मग पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

ताई ची हे चक्र तोडायला मदत करते. गुडघे किंचित वाकवून सावकाश वजन हलवताना मांड्या आणि घोट्यांना खरं काम पडतं, आणि तोल कुठे आहे हे शरीराला कळू लागतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला; फक्त स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. 'ताई ची'मधला 'ची' आणि प्राणशक्ती या अर्थाचा 'ची' हे चिनीत दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे 'ची जागवून कुठलाही आजार बरा करू' असं कुणी सांगितलं तर सावध राहा. ही कला औषधाची जागा घेत नाही. रोजच्या जगण्यात हातभार लावते, एवढंच, आणि ते काही कमी नाही.

घरी करून बघायचं असेल तर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून उभे राहा. पावलं खांद्यांइतकी लांब, गुडघे जरासे सैल, खांदे खाली, श्वास नेहमीसारखा. दहा सेकंदांत सगळं वजन उजव्या पायावर न्या. डावा पूर्ण रिकामा झाला की त्याची टाच अलगद उचला, टेकवा, आणि वजन सावकाश परत आणा. मग दुसरी बाजू. रोज पाच मिनिटं पुरे. गुडघा दुखला किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. घरातलं वयस्कर माणूस करणार असेल, तर शेजारी आपण उभं राहायचं. तेवढाच आपल्यालाही व्यायाम!