वार्धक्यातील चालणे : स्नायुबल आणि तोल

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे एकेकाळी शेतकऱ्यांचे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि शिवाराच्या जागी कचेऱ्या व उंच इमारती आल्या. गावातील अनेक वृद्धांचे शेतीकाम सुटले. नोकरीनिमित्त आलेल्या मुलांपाठोपाठ त्यांचे आईवडीलही येथे राहावयास आले. बांध चढणे, ओझे उचलणे, जमिनीवरून उठबस करणे या गोष्टी दिनक्रमातून गेल्या की त्याचा परिणाम प्रथम चालण्यावर दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे १० टक्के लोक साठी ओलांडलेले होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ एका गावाचा नाही.

चालणे सोपे वाटते; परंतु प्रत्येक पावलागणिक काही क्षण शरीराचा सर्व भार एकाच पायावर असतो. त्या वेळी मांडीचे स्नायू गुडघा वाकू देत नाहीत, नितंबाच्या बाजूचे स्नायू कंबर सरळ धरतात, पोटरी शरीर पुढे लोटते आणि नडगीपुढचे स्नायू चवडा उचलतात. हे शेवटचे स्नायू दुबळे झाले की पाऊल सतरंजीच्या काठालाही अडते.

वयोमानाने स्नायू रोडावतात. या अवस्थेस आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची शक्ती अधिक वेगाने घटते आणि त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात. ठेच लागताच सावरण्यासाठी नेमके तेच लागतात.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांधे यांच्याकडून वार्ता मिळते. यांपैकी एक साधन मंदावले तर इतर दोन त्याची उणीव भरून काढतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेली व्यक्ती रात्री अंधारात उठली, तर दोन आधार एकदमच जातात. एकदा पडल्यावर भीतीने हालचाल कमी होते, त्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

हे चक्र मोडता येते. १९९० मध्ये बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांना आठ आठवडे भारव्यायाम देण्यात आला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. केवळ फेरफटका मारून हे साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व शक्ती यांच्या व्यायामांची शिफारस केली आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे हे व्यायाम घरीही होतात. मात्र हृदयविकार, चक्कर किंवा सांधेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आहारात डाळी, कडधान्ये, दूध किंवा अंडी पुरेशी असावीत.

घरच्या घरी एक चाचणीही घेता येते. खुर्चीवरून उठून नेहमीच्या गतीने तीन मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. यास बारा सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका संभवतो, असे समजून तपासणी करून घ्यावी. चाचणीच्या वेळी घरातील कोणीतरी जवळ असावे. न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री मंद दिवा आणि पायात घट्ट बसणारी चप्पल एवढी सोय प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगी आहे. वृद्धाचे स्वावलंबन बव्हंशी त्याच्या पायांवर उभे असते. ते पाय बळकट ठेवणे हे घरातील सर्वांचेच काम आहे.