पायांची कैफियत

तंजावरात धन्वंतरी महाल स्थापून देशी व युरोपीय अशा दोन्ही वैद्यकपद्धतींना आश्रय देणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) नेत्ररुग्णांच्या ज्या सचित्र नोंदी करवून ठेवल्या, त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. आणि ऐन विशीतल्या ज्या तरुणाचे पाय अकारण दुखतात व दिवसेंदिवस दुबळे होतात, त्याच्या घरच्यांनी इलाजापूर्वी हाच नोंदींचा परिपाठ उचलावा, असे मला मनापासून वाटते.

कारण व्याधीचे मूळ पुष्कळदा तपशिलातच सापडते. मांडी घालून बसलेल्याला हाताचा टेकू घेतल्यावाचून उठवत नसेल, तर संशय मांडी-कमरेच्या स्नायूंवर किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी मऊ पडलेल्या हाडांवर जातो. चालताना चप्पल नकळत निसटत असेल व तळव्यांना मुंग्या येत असतील, तर तो मज्जातंतूंवर आणि, शाकाहारी घरांत विशेषेकरून, ‘ब१२’च्या उणिवेवर जातो. केवळ पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर निर्वाह करणाऱ्यांना ‘ब१’अभावी पूर्वी जडणारा बेरीबेरी हाही पुष्कळदा पायांतच आधी जाणवणारा रोग. कावेरीकाठच्या उकड्या तांदळात मात्र ‘ब१’ बऱ्याच अंशी टिकून राहते.

रक्तातील कॅल्शियम, पोटॅशियम, थायरॉइड व स्नायूंचे सीके (क्रिएटिन कायनेज) तपासून, प्रसंगी मज्जातंतूंची विद्युत्‌-चाचणी व पाठकण्याचा एमआरआय करूनही उलगडा न झाल्यास, दुखणे मनाचे ठरवून रुग्णाला वाटेला लावणे हा अन्याय होय.

दुर्बलता काही दिवसांतच पायांकडून वर चढू लागली, श्वास अपुरा पडू लागला अथवा लघवी अडली, तर मात्र नोंदींसाठी न थांबता त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे.