परीक्षेचा अभ्यास आणि अवधानाचे स्वरूप

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते. पुस्तक समोर आहे, वेळही आहे, परंतु मन लागत नाही. या तक्रारीमागे बहुधा एक समजूत दडलेली असते. अवधान हा इच्छाशक्तीचा गुण असून तो ज्याच्या ठायी नाही त्याच्या स्वभावातच काही उणीव आहे, अशी ती समजूत होय. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांचे उमेदवार दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास बसतात आणि बैठकीच्या तासांवरूनच आपल्या अभ्यासाचे मोजमाप करतात. अपयश आले की दोष स्वतःच्या मनाला देतात. हा दोषारोप कितपत न्याय्य आहे, हे अवधानाचे स्वरूप पाहिल्यावाचून ठरविता येणार नाही.

मराठी भाषेने अवधान ही ‘देण्याची’ वस्तू मानली आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधानच मागतात. जे द्यावयाचे ते एकदाच देऊन भागत नाही, ते पुनःपुन्हा द्यावे लागते. विल्यम जेम्स यांनी १८९० साली मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात याच्याशी जुळणारे प्रतिपादन केले. ऐच्छिक अवधान सलगपणे काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. ज्याला दीर्घ अवधान म्हणतात ते वस्तुतः निसटलेले मन पुनःपुन्हा विषयाकडे आणण्याच्या प्रयत्नांची मालिका असते, असे त्यांचे मत होते. जो विषय मनापुढे जराही पालटत नाही त्यावर मन खिळवून ठेवणे अशक्य आहे, असेही त्यांनी म्हटले. विषयासंबंधी नवे प्रश्न निघत राहिले तरच तो अवधान धरून ठेवतो. तेव्हा मन भरकटणे हा अपवाद नसून नियम आहे, आणि कौशल्य आहे ते त्याला परत आणण्यात.

या विचाराला प्रयोगाचा आधार पुढे मिळाला. दुसऱ्या महायुद्धात रडारचा पडदा तासन्‌तास न्याहाळणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून पाणबुड्यांच्या खुणा निसटत. याची कारणे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखे एक साधन तयार केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके. क्वचित तो एकदम दोन टप्पे उडी घेई आणि ती उडी प्रयोज्याने टिपावयाची असे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्याचे आढळून आले. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती असा क्रम ठेवल्यास ही घसरण टळे. विशेष म्हणजे, उत्तर बरोबर आले की चुकले हे प्रयोज्यास वेळोवेळी कळविले, तरीही ती बव्हंशी टळे. अर्थात पहारा आणि अध्ययन या एकच क्रिया नव्हेत. तथापि ज्या कामात करावयाचे थोडे आणि फलाचे ज्ञान मुळीच नाही तेथे अवधान लवकर ढळते, हा निष्कर्ष अभ्यासालाही लागू पडण्याजोगा आहे. खुणा करीत तेच प्रकरण चौथ्यांदा वाचणारा विद्यार्थी जवळजवळ त्या पहारेकऱ्याच्याच स्थितीत असतो. डोळे ओळींवरून सरकत असतात, मन अन्यत्र असते आणि पुष्कळदा त्याची जाणीवही नसते.

येथे दुसरा धोका संभवतो. वारंवार वाचलेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ही प्रत्यभिज्ञा म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका गटाने एक उतारा चार बैठकींत केवळ वाचला. दुसऱ्याने तो एका बैठकीत वाचून पुढील तीन बैठकींत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिल्या गटास सुमारे ८३ टक्के आशय आठवला, तर दुसऱ्यास ७१ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र हे प्रमाण अनुक्रमे ४० व ६१ टक्के झाले. आपल्या स्मरणाविषयी अधिक खात्री होती ती मात्र केवळ वाचणाऱ्या गटाला. आठवून लिहिण्याचे श्रम अप्रिय वाटतात, कारण त्यात उणिवा उघड होतात. परंतु मन विषयावर बांधले जाते ते त्या श्रमांमुळेच. प्रत्येक प्रश्न अवधानाला परत बोलावतो, आणि उत्तर पडताळून पाहताच फलाचे ज्ञानही होते.

अभ्यासाची वेळेत विभागणी कशी करावी, यासंबंधी हर्मान एबिंगहाउस यांचे १८८५ सालचे प्रयोग आजही मार्गदर्शक आहेत. स्वतःलाच प्रयोज्य करून त्यांनी निरर्थक पदांच्या याद्या पाठ केल्या. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांइतक्याच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्या उपकारक ठरल्या. आदल्या रात्रीचे जागरण पुष्कळांना फसविते, त्याचे एक कारण येथे सापडते.

भोवतालच्या विक्षेपांविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. मोबाईल नुसता टेबलावर असला तरी बुद्धीचे काम मंदावते, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. नंतरच्या पडताळणीत तो सर्वत्र टिकला नाही. एका कामातून दुसऱ्यात जाताना पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो, एवढे मात्र मान्य होण्यासारखे आहे. परीक्षेची चिंताही असाच अंश व्यापते. ‘नापास झालो तर?’ हा विचार आणि समोरचे प्रमेय ही दोन्ही मर्यादित अशा एकाच कार्यकारी स्मृतीत जागा मागतात. म्हणून चिंताग्रस्त विद्यार्थ्यास ‘लक्ष दे’ असे बजावण्याने फारसे साधत नाही. त्याच्यापुढे लहान, निश्चित आणि तपासता येईल असे काम ठेवणे अधिक उपयोगी ठरावे.

प्रयोगशाळेतील उतारे व याद्या आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम यांत अंतर आहे, हे उघडच आहे. तरीही या सर्व पुराव्याचा रोख एकाच दिशेला आहे. मन लागत नाही ही तक्रार बहुधा मनाविषयीची नसून कामाच्या मांडणीविषयीची असते. पुस्तक मिटून किती लिहिता आले आणि चार दिवसांनी त्यातील किती उरले, हे मोजमाप बैठकीच्या तासांपेक्षा अधिक खरे होय. ते विद्यार्थ्याने एकट्यानेच करावे असेही नाही. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी अध्यापकांनी वर्षभर गुणांचा धाक नसलेल्या लहान चाचण्या घेतल्या, तर अभ्यासिकेत एकाकीपणे स्वतःला दोष देत बसण्याची वेळ कित्येकांवर येणार नाही.