पायांतील मुंग्या आणि 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्या

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने औषधांविषयी लेखणी उचलावी, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि गेल्या काही वर्षांत माझ्या पायांनी मला जे शिकविले, ते आपल्या व्यापारी बांधवांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

प्रारंभ अगदी क्षुल्लक होता. इंदूरच्या छावणीतील मंडीत दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्यास पायांस मुंग्या येणे नवे नाही. परंतु या मुंग्या उठून चालू लागल्यावरही जाईनात. रात्री अंथरुणावर पाठ टेकताच तळव्यांची आग होई. पुढे पुढे तर चप्पल पायातून निसटली तरी चार पावले कळत नसे. शेजारच्या पेढीवरील एका स्नेह्याने सांगितले, "'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, आठ दिवसांत गुण येईल." मी गोळ्या आणविल्या आणि आठ दिवस नव्हे, आठ महिने घेतल्या. तपासणी मात्र एकही केली नाही.

पुढे वैशाखातील एका दुपारी मी अनवाणी देवदर्शनास जाऊन आलो. घरी येऊन बसतो तोच नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या पायाला हे काय झालं?" पाहतो तो तळव्यास रुपयाएवढा फोड! तापलेल्या फरशीने पाय पोळला होता आणि मला त्याची वार्ताही नव्हती. त्या दिवशी प्रथमच मनात भय उत्पन्न झाले व दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या: साखर बरीच वाढलेली, आणि ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी. आठ महिने घेतलेल्या गोळ्यांत हे ब-१२ नाममात्रच होते.

'ब' जीवनसत्त्व हा एक पदार्थ नसून तो अनेक पदार्थांचा समूह आहे, हे मला तेव्हा समजले. त्याच्या शोधाची कथा आपल्याच मालापासून सुरू होते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आयकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या ध्यानी आले, की सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासह तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचे मूळही तेच निघाले. कोंड्यातील तो पदार्थ म्हणजे ब-१. या कार्याबद्दल आयकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. उकडा तांदूळ त्या मानाने सरस ठरतो, कारण उकडताना कोंड्यातील ब-१ चा काही अंश दाण्यात उतरतो.

ब-१२ ची गोष्ट निराळी आहे. ते कोणत्याही धान्यात, डाळीत वा भाजीत नसते. ते केवळ सूक्ष्म जंतू निर्माण करतात आणि प्राण्यांच्या द्वारे ते अन्नात येते. शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध, दही व ताक यांतून मिळते. तुपात ते जवळजवळ नसतेच. मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर असावे तसे, एक वेष्टण असते. ते वेष्टण सुस्थितीत राहण्यास ब-१२ लागते. ते कमी पडले म्हणजे सर्वांत लांब तंतू, अर्थात पायांच्या बोटांपर्यंत जाणारे, आधी दाद मागू लागतात. पुढे तोल जातो, स्मरण मंदावते, रक्तही कमी होते.

ही उणीव आपल्या समाजात दुर्मीळ असेल अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांत शंभरातील ६७ जणांचे ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण शंभरात ८१ होते. शाकाहारी मंडळींत हा धोका चौपटीहून अधिक निघाला. म्हणून आपला आहार सदोष आहे असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ इतकाच, की आपल्या आहारात या एका जिनसेची आवक थोडी आहे व तिच्याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

येथे व्यापाऱ्यास सहज समजेल अशी एक गोष्ट आहे. ब-१२ चा साठा यकृतात असतो व तो काही वर्षे पुरतो. म्हणून चार दिवसांच्या उपवासाने वा नऊ दिवसांच्या आयंबिलाने काही बिघडत नाही. परंतु ज्याने दूधदही वर्षानुवर्षे सोडले आहे, त्याचे कोठार हळूहळू रिते होत जाते आणि ते कळते तेव्हा तळ लागलेला असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तावरील गोळ्या दीर्घकाळ घेणारे व वृद्ध यांच्या आतड्यांत ब-१२ शोषले जाण्याचे प्रमाणही घटते. अशांनी वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे.

आता गोळ्यांविषयी. दिवसाची गरज अवघी दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. मग डॉक्टर एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी का देतात, असा प्रश्न मलाही पडला होता. कारण असे, की शरीराच्या नेहमीच्या मार्गाने एका वेळी दीडदोन मायक्रोग्रॅमच आत जातात. उरलेल्यांपैकी शंभरात सुमारे एक भाग आपोआप झिरपतो. हजारांतून दहा मिळतात, म्हणून मात्रा मोठी. उणीव अधिक असल्यास अथवा मज्जातंतूंस इजा झालेली असल्यास प्रथम इंजेक्शने देतात. मला तीच दिली व नंतर गोळी चालू ठेवली.

तीन सावधगिरीच्या गोष्टी मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली: ब-१२ कमी नसेल तर ते घेतल्याने मुंग्या जातील असा भरवसा नाही. पायांच्या या विकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह होय. शिवाय मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, कुष्ठरोग अशी अनेक कारणे आहेत. दुसरी: ब-६ अतिरिक्त प्रमाणात घेतल्यास तेच मज्जातंतूंस अपाय करते. १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा सात रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली; ते रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेत होते. युरोपात २०२३ साली रोजची सुरक्षित मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरविण्यात आली. म्हणून डबीवरील आकडे वाचावेत. तिसरी: ब-१२ ची उणीव असता केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

आपल्या नियमांविषयीही एक शब्द. औषधी ब-१२ जंतूंच्या साहाय्याने आंबविण्याच्या क्रियेने तयार करतात, प्राण्याच्या मांसातून नव्हे. परंतु कॅप्सूलचे वेष्टण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून घेताना औषधविक्रेत्यास विचारावे व साधी गोळी अथवा वनस्पतिजन्य वेष्टण असलेली कॅप्सूल मागावी. याउपर कोणास शंका असल्यास त्याने आपल्या गुरुमहाराजांस विचारून निर्णय करावा. मात्र निर्णय होईपर्यंत तपासणी थांबवू नये.

माझ्या पायांचे म्हणाल तर, साखर आटोक्यात आणून व ब-१२ घेऊन सुमारे सहा महिन्यांत रात्रीची आग गेली. बोटांच्या टोकांची बधिरता मात्र राहिली; ती आता जाईल असे डॉक्टरांस वाटत नाही. ते आठ महिने वाया गेले नसते तर कदाचित तीही गेली असती. पोत्यातील माल बांबू मारून पाहिल्याशिवाय ज्याने कधी भाव बोलला नाही, त्याने स्वतःच्या शरीराचा सौदा मात्र न पाहता केला, याची रुखरुख मनात आहे.

हल्ली रोज रात्री निजण्यापूर्वी मी आरशात तळवे पाहतो व नात हाताने चाचपून पाहते. उन्हाळ्यात देवदर्शनास सकाळी लवकर, फरशी तापण्यापूर्वी जातो. वाचकांपैकी ज्यांच्या पायांस पंधरा दिवसांहून अधिक काळ मुंग्या येत असतील, त्यांनी स्नेह्याच्या सल्ल्यावर न राहता साखर व ब-१२ या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांकडेही एकवार पाहावे, एवढीच नम्र विनंती.