भरून न येणारी जखम

आमच्या थोरल्या वहिनींच्या पित्ताशयाची दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, दहाव्या दिवशी टाके निघाले. पोटावर चार लहान छिद्रे. सारी उत्तम भरली. पाचव्या आठवड्यात मात्र बेंबीजवळच्या व्रणाखाली वाटाण्याएवढी गाठ आली, फुटली आणि पाण्यासारखा स्राव सुरू झाला. ताप नाही, फारशी वेदना नाही. म्हणूनच कोणास धास्ती वाटली नाही.

पुढचे तीन महिने आम्ही जे केले, तेच बहुतेक घरांत होते. प्रथम मलम, मग हळद, मग एका आप्तांनी आग्रहाने दिलेली पूड. घरच्या डॉक्टरांनी प्रतिजैविके दोनदा बदलली. छिद्र आठ दिवस मिटे, पुन्हा उघडे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दादांच्या परिचयाचे. "एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांच्याकडे गेलो, तर दोष काढायला आलो असे वाटेल त्यांना," असे दादा म्हणत. पेढीवर एका रुपयाचा फरक निघाला तर रात्र जागून खाते जुळविणारे दादा, येथे मात्र केवळ भिडेपोटी गप्प राहिले.

शस्त्रक्रियेची साधी जखम दोन-तीन आठवड्यांत वरून मिटते. महिना उलटूनही ती वाहत असेल, किंवा मिटलेली पुन्हा उघडत असेल, तर आत काही कारण दडले आहे असेच समजावे. कधी ते रक्तातील साखर असते, कधी आत राहिलेला न विरघळणारा धागा, हर्नियात बसविलेली जाळी, कधी तंबाखूचे व्यसन. कारण न शोधता मलमे बदलीत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी बदलीत राहणे. जखमेवर रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याने तर नव्याने येणाऱ्या पेशीच दुखावतात. आणि ताप चढला, लाली पसरू लागली, दुर्गंधी आली वा एकाएकी गुलाबी पाणी वाहून टाके उसवले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

अखेर वहिनीच म्हणाल्या, "मला दुसऱ्या सर्जनना दाखवा." जुनी कागदपत्रे मागितली. रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत ती देणे डॉक्टरांस बंधनकारक आहे, हे 2002 च्या वैद्यकीय नियमावलीत स्पष्ट आहे. पण मागायचे धैर्य आम्हांस उशिरा आले. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद शांतपणे वाचले, सर्व प्रतिजैविके थांबविली आणि काही दिवसांनी वरवरचा स्राव न घेता जखमेच्या आतील ऊतीचा तुकडा तपासणीस पाठविला. पहिल्या तपासणीत "जंतू वाढले नाहीत" असे आले होते. यावेळी त्यांनी क्षयाच्या कुळातील जंतूंची वेगळी तपासणी मुद्दाम लिहून दिली, आणि तेथेच उलगडा झाला. हे जंतू क्षयरोगाचे नव्हेत. ते पाण्यात राहतात. दुर्बिणीची उपकरणे निर्जंतुक द्रावणातून काढून साध्या पाण्याने धुतली, तर त्यांवर बसून शरीरात शिरतात आणि तीन-चार आठवड्यांनी डोके वर काढतात. नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीचे औषध कित्येक महिने घ्यावे लागले.

त्याच सुमारास पर्युषण आले. वहिनींच्या मनात अठाई होती. जखम भरण्यास प्रथिने लागतात, डाळी, मूग, दूध, पनीर रोज हवे, असे डॉक्टरांनी बजावले होते. वहिनी फार कष्टी झाल्या. त्यांना थांबविले ते साध्वीजींनीच. पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले आहेत, एवढेच त्यांनी विचारले. त्या वर्षी वहिनींनी सामायिक वाढविले, उपवास केले नाहीत. चौविहार मात्र सोडावा लागला नाही: गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी सूर्यास्तापूर्वीच्या बसवून दिल्या. आम्ही विचारले म्हणून. न विचारता कोणी सुचविले नसते.

पाचव्या महिन्यात छिद्र मिटले, ते पुन्हा उघडले नाही. त्यानंतर एके दिवशी दादा तो अहवाल घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले. जाताना त्यांचे हात थरथरत होते. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला, त्याची प्रत ठेवून घेतली आणि शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिकेला तेथेच बोलावून विचारले, "आपण दुर्बिणी कोणत्या पाण्याने धुतो?"