मुक्कामाची मोटारगाडी व तींत करावयाच्या सुधारणा

शेतकरी वर्गाचा प्रवास पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढला आहे. डिसेंबरांत मोशी येथील किसान प्रदर्शन, उन्हाळ्यांत देवदर्शन, कांद्याच्या हंगामांत लासलगांवच्या बाजारांतील रांग, शिवाय दुसऱ्या तालुक्यांत घेतलेल्या जमिनीवर चार-चार दिवसांचा मुक्काम. अशा प्रसंगीं लॉज शोधीत हिंडण्यापेक्षां गाडींतच निजण्याची सोय करावी, असें कित्येक बागाईतदारांस वाटूं लागलें आहे. जुनी ओम्नी, ईको किंवा विंगर घरीं असतेच. गांवच्या सुताराकडून फळ्यांचा पलंग करवून घेतला व मागें एक पेटी ठेवली, म्हणजे पहिली गाडी तयार होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पंखा हवा, दिवे हवेत, फ्रीज हवा, छपरावर सौर पट्टी हवी. यांपैकीं आधीं काय घ्यावें व तें कसें बसवावें, याविषयीं आम्हांस वारंवार विचारणा होते. निवृत्तीनंतर आम्ही स्वतः अशी गाडी वापरीत असून, परिचयांतील चार-पांच गाड्यांचें कामहि आम्हीं जवळून पाहिलें आहे. त्यावरून जें ठरलें तें येथें देत आहों.

मोबाईलवर परदेशी लोकांच्या अशा गाड्यांचीं चित्रें पुष्कळ पाहावयास मिळतात व आमचे लोक त्यांचें हुबेहूब अनुकरण करूं पाहतात. तिकडे बर्फ पडतें. म्हणून तेथें भिंतींना जाड अस्तर, डिझेलवर चालणारी ऊबेची शेगडी व आंतील बाष्प पत्र्यावर सांचून लांकूड कुजूं नये यासाठीं नाना खटपटी. आमच्याकडे थंडीचे दिवस थोडे; आमचा त्रास ऊन, धूळ व मृगानंतरची ओल यांचा. तेव्हां ज्या वस्तूवर ते लोक पहिला पैसा खर्च करतात, ती आम्हांस बहुधा शेवटीं घ्यावयाची असते, किंवा मुळींच घ्यावयाची नसते.

खरेदीच्या आधीं कायद्याची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें आमच्या जुन्या पेशास शोभणार नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीच्या कागदांतील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच दंडक स्पष्ट केला. राहण्याच्या गाड्यांसाठीं एआयएस-१२४ हें स्वतंत्र मानक आहे, आणि महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. ज्यास छप्पर कापून व बांकें काढून कायमचें घरच करावयाचें असेल त्यानें अधिकृत बांधणाराकडे जावें व परिवहन कार्यालयांत रीतसर नोंद करून घ्यावी. नोंदीवांचून केलेला बदल म्हणजे फेरफार मंजूर होण्यापूर्वींच सात-बारावर आपलें नांव आहे असें समजून चालण्यासारखें आहे. कज्जा उभा राहीपर्यंत सर्व ठीक दिसतें. अपघातानंतर विमा कंपनी प्रथम तेंच पाहते. म्हणून पत्रा न कापतां, छपरास भोंक न पाडतां, व दोन माणसांनीं अर्ध्या-पाऊण तासांत उचलून बाहेर काढतां येतील अशाच वस्तूंचा विचार या लेखांत केला आहे.

आतां मुख्य विषय. कोणतीहि वस्तु घेण्यापूर्वीं एक कागद घ्यावा व त्यावर विजेच्या जमाखर्चाचे दोन रकाने आंखावे. विजेचें माप वॅट-तास. २५ वॅटचा पंखा रात्रीं १० तास चालला म्हणजे २५० वॅट-तास खर्च पडले. ५ वॅटचे दोन दिवे चार तास लावले, ४० झाले. दोन मोबाईल भरण्यास ३० धरा. एकूण ३२०. ही दोन माणसांची साधी गरज होय. उलट बाजूस १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. परंतु बॅटरी शिशाची असेल तर त्यांतील निम्मेच काढावे, म्हणजे ६००. अधिक काढल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या तेवढ्याच बॅटरींतून सुमारें १००० निर्धास्तपणें मिळतात. पहिलीचें वजन ३० किलोच्या आसपास, दुसरीचें १२-१३ किलो. दुसरीची किंमत अधिक आहे खरी, पण ती पहिलीच्या कित्येक पट वेळां भरतां व रिकामी करतां येते. वर्षांतून तीन-चारदांच बाहेर पडणाराला शिशाची बंद जातीची बॅटरी पुरे. महिन्यांतून दोनदां मुक्काम करणारानें लिथियमचीच घ्यावी, आणि तीहि आंत संरक्षक मंडल बसविलेलीच. जुन्या ई-रिक्षांचे सेल जोडून स्वस्तांत करून देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालावयाची बॅटरी तर गाडींत मुळींच नको. ती भरतांना हायड्रोजन वायु सोडते, खड्ड्यांत अम्ल उसळतें, आणि त्याच्याच उशाशीं आपणांस निजावयाचें असतें.

हा कागद न लिहिल्यानें काय होतें, याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आमच्या परिचयांतील एका द्राक्ष बागाईतदाराच्या मातोश्रींस मधुमेहामुळें रोज इन्सुलिन घ्यावें लागतें. एप्रिल महिन्यांत त्यांस तुळजापूर, अक्कलकोट व पंढरपूर अशी यात्रा घडवावी म्हणून त्यांनीं गाडी सजविली व औषधासाठीं एका दुकानांतून १२ व्होल्टवर चालणारी स्वस्त थंड पेटी घेतली. ही पेटी खऱ्या फ्रीजसारखी कॉम्प्रेसरवर चालत नाहीं. ती बाहेरच्या हवेपेक्षां फार तर १८-२० अंशच थंड होते, आणि त्यासाठीं सुमारें ६० वॅट अखंड घेते. दुकानदारानें यांतील एकहि गोष्ट सांगितली नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत गाडीच्या आंत ४४ अंश झाल्यावर पेटींतील थर्मामीटर २५ दाखवूं लागलें; न उघडलेल्या कुप्यांस मात्र २ ते ८ अंशच हवेत. शिवाय २४ तासांत १४४० वॅट-तासांचा खर्च! १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तो कोठून भागविणार? दुसऱ्या रात्रीं पंखाहि बंद पडला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं पेटी आंतून ३९ अंशांवर गेली, कुप्या टाकून द्याव्या लागल्या, व सोलापुरांत धांवपळ करून नव्या आणाव्या लागल्या. मातोश्रींचा एक डोस चुकला नाहीं हें नशीब.

त्यानंतर त्यांनीं ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतला. तो चालतांना ४५ वॅट घेतो, पण मधून मधून बंद होत असल्यानें उन्हाळ्यांतहि दिवसास ४०० वॅट-तासांच्या आसपास भागतें. वरच्या ३२० मध्यें हे मिळविले कीं ७२०. आतां शिशाची एक बॅटरी पुरत नाहीं, हें कागदच सांगतो. अशा फ्रीजमध्यें इन्सुलिन तळाशीं किंवा बर्फाच्या भिंतीस लागून ठेवूं नये; एकदां गोठलेलें औषध निरुपयोगी होतें. ज्यांस फक्त चालू कुपीच न्यावयाची आहे, त्यांस फ्रीजची गरज नाहीं. बहुतेक प्रकारांची उघडलेली कुपी ३० अंशांखालीं सुमारें चार आठवडे चालते, आणि दोन मडकीं एकांत एक ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू घातली कीं कोरड्या उन्हाळ्यांत तेवढा गारवा बहुधा मिळतो. आंत थर्मामीटर ठेवावें व आपल्या औषधाची मुदत डॉक्टरांस विचारून घ्यावी.

खर्च ठरला म्हणजे तारांचा विचार येतो, आणि येथेंच आमचे बहुतेक बंधू काटकसर करतात. घरांतील २३० व्होल्टची संवय असल्यामुळें तार पातळ असली तरी चालेल असें वाटतें. पण १२ व्होल्टवर तेवढ्याच कामास जवळजवळ वीसपट प्रवाह लागतो. १० अँपिअर प्रवाह बॅटरीपासून पांच मीटरवर न्यावयाचा झाल्यास जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची तार लागते. ती १ चौरस मिलिमीटरची असल्यास पावणेदोन व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. २.५ ची घेतल्यास ०.७ व ६ ची घेतल्यास सुमारें ०.३ व्होल्ट. पहिल्या तारेवर फ्रीज बॅटरी भरलेली असूनहि बंद पडतो, आणि मालक बॅटरीवाल्याशीं भांडत बसतो. फ्रीजसाठीं ६ ची तार टाकावी, दिव्यांस १.५ ची पुरे. अॅल्युमिनियमची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार घेऊं नये. एक धागा खरवडून पाहिला कीं आंतील पांढरा रंग दिसतो.

प्रत्येक फांट्यास फ्यूज हवा, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत हवा. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं असतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो तारेसाठीं असतो. पत्र्याच्या कडेवर तार घांसून साल निघाली व तिचा गाडीच्या अंगाशीं संबंध आला, तर बॅटरींतून शेंकडों अँपिअर वाहूं लागतात आणि फ्यूजच्या अलीकडील तार विझविण्यास कोणी नसतो. म्हणून जेथें जेथें तार पत्र्यांतून जाते, तेथें रबरी कडें बसवावें व सबंध तार नळींतून न्यावी. सांधे पिळून चिकटपट्टी लावण्याची रीत विहिरीवरच्या मोटरीस चालत असेल. रात्रंदिवस हादरणाऱ्या गाडींत ती धोक्याची आहे. टोंकें दाबून बसविण्याचें हत्यार तालुक्याच्या गांवीं मिळतें.

इन्व्हर्टर घेऊन इंडक्शनची शेगडी चालविण्याची हौस पुष्कळांस असते. २००० वॅटच्या शेगडीस १२ व्होल्टवर तूट धरून १८० अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. तो वाहण्यास बोटाएवढी जाड तार हवी. वर्षांतून पंधरा दिवसांसाठीं हा खर्च आम्हांस पटत नाहीं.

बॅटरी भरण्यासाठीं प्रथम सौर पट्टीच आठवते. आमचें मत निराळें आहे. जो रोज दोन तास तरी गाडी चालवितो, त्यानें इंजिनवर भरणारा डीसी-डीसी चार्जर आधीं घ्यावा. २० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारें २५० वॅट-तास जमा करतो. दोन तासांत दिवसाचा बराचसा खर्च भरून निघतो. लिथियमची बॅटरी इंजिनच्या अल्टरनेटरला सरळ जोडूं नये. ती इतका प्रवाह ओढते कीं अल्टरनेटर तापून जळण्याचा संभव असतो. गाडी नवी व हमींत असल्यास जोडणीपूर्वीं कंपनीच्या कार्यशाळेंत विचारावें.

एकाच जागीं तीन-चार दिवस राहावयाचें असेल, तेव्हां मात्र सौर पट्टी हवी. १०० वॅटची पट्टी स्वच्छ उन्हांत दिवसास ३५० ते ४०० वॅट-तास देते. पावसाळ्यांत याचा भरंवसा धरूं नये. पण ती छपरावर बसविली, कीं वीज हवी म्हणून गाडी उन्हांत उभी करावी लागते, आणि आंत आपण भाजून निघतों. यापेक्षां घडीची पट्टी घ्यावी, गाडी आंब्याखालीं लावावी व पट्टी दहा मीटरवर उन्हांत मांडावी. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेंत एवढ्या अंतरावर अर्धा व्होल्टच जातो, आणि पट्टीचा दाब १८ व्होल्टच्या आसपास असल्यानें तो जाणवत नाहीं. मात्र भरण नियंत्रक बॅटरीच्या जातीप्रमाणें लावून घेतलेला हवा.

उष्णतेवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कांचांस बाहेरून लावावयाचे चकचकीत पडदे. तेच आंतून लावले तर ऊन कांचेच्या आंत येऊन चुकलेलें असतें. बाहेरून लावल्यास तें तेथेंच थांबतें. छताला आंतून १० मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम लावावा. काचेच्या लोकरीचें अस्तर पावसाळ्यांत ओल धरतें. दोन समोरासमोरच्या खिडक्यांस जाळी व एकींत बाहेर हवा फेंकणारा पंखा, एवढ्यानें रात्र सुखाची जाते. पाण्याचा कूलर विदर्भ-मराठवाड्यांत उपयोगी, कोंकणांत निरुपयोगी.

वजनाचा हिशेब थोडक्यांत. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता ३० किलोच्या वर भरतो. ९ किंवा १२ चा तक्ता पुरतो. जड वस्तु खालीं व मागच्या चाकांच्या पुढें ठेवाव्या, आणि गाडीच्या मूळच्या बोल्टांस पट्ट्यांनीं जखडाव्या. मोकळी पेटी ब्रेक लागतांच पुढच्या माणसाच्या मानेवर येते.

स्वयंपाक गाडीच्या बाहेर करावा. गॅस हवेपेक्षां जड असल्यानें गळती झाली तर तो तळाशीं सांचतो व वरची खिडकी उघडी असून उपयोग होत नाहीं. कोळशाची शेगडी हिंवाळ्यांत ऊबेसाठीं आंत घेऊन दारें लावणें म्हणजे प्राणाशीं गांठ. कार्बन मोनॉक्साईडला वास नाहीं, आणि निजलेला माणूस जागाच होत नाहीं. त्याची सूचना देणारें लहान यंत्र बाजारांत मिळतें. आमच्या गाडींत तें पहिल्या दिवसापासून आहे. ज्यांस फ्रीज परवडत नाहीं, त्यांनींहि तें आधीं घ्यावें.

सर्व बसवून झालें म्हणजे लगेच लांबच्या यात्रेस निघूं नये. वैशाखांतल्या दोन रात्री आपल्याच शेतांत, विजेच्या खांबाची मदत न घेतां, गाडींत काढाव्या. पहांटे बॅटरीचा आंकडा लिहावा, तारांस व फ्यूजांस हात लावून कोणती जागा तापते तें पाहावें, आणि आधीं लिहिलेल्या कागदाशीं प्रत्यक्ष खर्चाचा ताळा पाडावा. आमच्या पहिल्या ताळ्यांत पंखा दहा तासांऐवजीं चौदा तास चालल्याचें आढळलें होतें.