दारात हत्ती बांधण्यापूर्वी

रविवारची सकाळ. तुम्ही पोह्यांसाठी कांदा चिरत असता आणि ‘हे’ मोबाईल तुमच्या नाकासमोर धरतात. “बघ तरी! नवी असताना तीस लाखांची गाडी, आता साडेपाचला!” फोटोत काळीभोर, लांबलचक, चकचकीत मोटार. आत चामड्याच्या सीटा, छताला काच. अशी गाडी गंगापूर रोडवरून घरी आली तर सारी सोसायटी गॅलरीत येईल!

मैत्रिणींनो, हा प्रसंग आमच्याच घरी घडला. साडेपाच लाख म्हणजे आमच्याकडे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली बँकेतली ठेव. “मला गाड्यांतलं काय कळतं?” असं म्हणून मी गप्पच बसणार होते. पण ठेव दोघांच्या नावावर. मोडायची तर माझीही सही लागणार. मग म्हटलं, ज्या कागदावर सही करायची ती गोष्ट समजून घेऊनच करू. पुढच्या महिनाभरात जे शिकले ते तुम्हांला सांगते. कुणाच्या तरी घरी हा मोबाईल उद्या पुढे येणारच आहे.

स्वस्त का, हा पहिला प्रश्न

मोठी गाडी जुनी झाली की तिची किंमत धाडकन उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. गाडी साडेपाच लाखांची झाली, तरी तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स आणि शॉकअब्सॉर्बर तीस लाखांच्या गाडीचेच राहतात. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तेच हे.

यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याच राज्यात तयार झाल्या आहेत. मर्सिडीज १९९५ पासून पुण्याजवळ जोडल्या जाऊ लागल्या, स्कोडाचा कारखाना २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झाला. म्हणून सुटे भाग स्वस्त मिळतील, असं मात्र मुळीच समजू नका. पसंत पडलेल्या गाडीचे चार महागडे भाग कोणते, ते नाशकात मिळतात की पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात आणि किती दिवसांत येतात, हे आधी विचारा.

आकडा मोठा की फाईल मोठी?

आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिलीच्या मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर, दुसरीच्या एक लाख अठ्ठेचाळीस हजार. आम्हां दोघांनाही अर्थातच पहिली आवडली. पण तिचा स्टीअरिंगवरचा चामडी कव्हर गुळगुळीत झालेला, ब्रेकच्या पायट्याचं रबर पार झिजलेलं आणि चालकाच्या सीटची कड उसवलेली. वापरलेलं पातेलं बुडाकडून ओळखू येतं, तसंच हे. सर्व्हिसची कागदपत्रं मागितली तर “हरवली” असं उत्तर मिळालं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून चौकशी केली, तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वीच तिथे तिचा आकडा सव्वा लाखाच्या पुढे नोंदलेला होता!

मीटर मागे फिरवता येतं. झिजलेलं रबर मागे फिरवता येत नाही. म्हणून पहिला धडा हा, की आकड्याला भिऊ नका आणि आकड्याला भुलूही नका. मुंबई–नाशिक महामार्गावर एका चालीत दीड लाख चाललेलं इंजिन, शहरातल्या सिग्नलवर थांबत-थांबत साठ हजार चाललेल्या इंजिनापेक्षा ठणठणीत असू शकतं. पण त्याला पुरावा हवा. दर वेळचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, टायमिंग बेल्ट कधी बदलला, याच्या पावत्या हव्यात. टायमिंग बेल्ट हे तर कुकरच्या शिट्टीसारखं प्रकरण! दिसायला क्षुल्लक, पण ज्या इंजिनात तो असतो तिथे चालू गाडीत तुटला तर बहुधा सगळं इंजिनच उघडावं लागतं. त्याची पावती नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत पाडून मागा.

तुम्ही स्वतः पाहण्यासारखं

मेकॅनिक हवाच, आणि तो विकणाऱ्याचा नव्हे, आपला हवा. गाडीच्या संगणकाला जोडून आतले दोष वाचणारं यंत्र त्याच्याकडे असावं. पण काही गोष्टी आपल्या गृहिणींच्या नजरेलाच लवकर दिसतात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायला जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलंय असं समजा. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येणारच, पण ती थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात आखडता होता असं समजावं. जो टायरला आखडतो तो तेलालाही आखडतो.

आणि पूर! आपण नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळुणात किती गाड्या पाण्यात गेल्या! त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का. डिकीतली स्टेपनी उचला, खाली गंज आहे का पाहा. पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्या. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास आपल्याइतका कुणाला ओळखता येणार?

घाट आणि गर्दी

फेरी मारायची ती गल्लीत नव्हे. आधी द्वारकेच्या गर्दीत एसी लावून पंधरा मिनिटं हळूहळू चालवा. उष्णतेचा काटा वर चढू लागला तर उद्या कसाऱ्याच्या घाटात काय होईल, ते ओळखा. मग महामार्गावर विल्होळीपर्यंत जाऊन या. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर बदलताना धक्का बसतो का, चढावर क्षणभर थांबून मग झेपावते का, याकडे लक्ष द्या. हा धक्का आज लहान वाटतो, पण त्याचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. रेडिओ बंदच ठेवा, आणि गप्पाही.

पेट्रोलची गाडी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. २०२५ पासून पंपांवर बहुतेक वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुन्या गाडीचे इंधनाचे पाईप आणि रबरी रिंगा म्हणूनच तपासून घ्याव्यात.

कागद

आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. असेल तर तो उतरल्याशिवाय सगळे पैसे हाती देऊ नका. थकलेले दंड सरकारी परिवहन संकेतस्थळावर दिसतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. दिल्लीत २०१५ सालापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण तिथला ना हरकत दाखला, इथली फेरनोंदणी आणि इथला कर यांचा हिशेब केला की ‘स्वस्त’ हा शब्द विरघळतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर. बारा वर्षांची गाडी घेतलीत तर हे सगळं तीनच वर्षांवर आलं. फॉर्म २९ आणि ३० भरून पेठ रोडच्या आरटीओत गाडी आपल्या नावावर करायची ती तीस दिवसांत, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा चौदा दिवसांत. आपली जुनी गाडी विकतानाही ती खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे.

मग आम्ही काय केलं?

दुसरी गाडी, ती दीड लाखवाली, खरंच चांगली होती. फाईल जाडजूड, मालक सरळ. आमच्या मेकॅनिकने सांगितलं, “वहिनी, गाडी खोटी नाही. पण बेल्ट, टायर, खालची रबरं मिळून लगेच लाखभर घालावे लागतील, आणि पुढे वर्षाला लाखभर हाताशी ठेवा.” मी वहीत बेरीज मांडली आणि काही न बोलता ह्यांच्या पुढे सरकवली. ‘हे’ दोन दिवस अबोल होते. मला वाईटही वाटलं. आयुष्यभर स्कूटरवरून कारखान्यात गेलेल्या माणसाने एखादी हौस केली तर काय चुकलं?

म्हणून आम्ही एक युक्ती काढली, ती तुम्हीही करून पाहा. गाडी आज घेतलीच आहे असं समजून तिचा खर्च, आमच्या हिशेबाने महिन्याला आठ हजार, वेगळ्या खात्यात टाकायचा. वर्षभर हे न कुरकुरता जमलं तर गाडी आपल्याला झेपते. मध्येच हात घालावा लागला तर झेपत नाही, आणि ते एक रुपयाही न गमावता कळतं.

आज आठवा महिना आहे. एकदाच, दिवाळीत, हात जाता-जाता राहिला. मुलीची ठेव जागेवर आहे. आणि ‘हे’ अजूनही रविवारी मोबाईल पुढे करतात, पण आता आधी म्हणतात, “हिची फाईल आहे, बरं का!”